वजनाचा आकडा आणि लोकांचे बोल

प्रश्न: डॉक्टर, मी मालवण तालुक्यात राहते. माझे वय 28 असून पहिले बाळ साडेतीन महिन्यांचे आहे. गरोदरपणापूर्वी माझे वजन 58 किलो होते, नऊ महिने भरेपर्यंत ते 72 झाले आणि आता 66 आहे. सातव्या महिन्यात साखर वाढली, तेव्हा दवाखान्यातील नर्सबाई रांगेतल्या सगळ्यांसमोर माझे वजन मोठ्याने सांगत, आणि डॉक्टर म्हणाले, ‘दोघांचे जेवता ना, मग साखर वाढणारच.’ घरी सासूबाई अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू आग्रहाने देतात, तर गणपतीला मुंबईहून आलेले नातेवाईक ‘पोट अजून उतरले नाही, की दुसऱ्याची तयारी?’ असे विचारून हसले. तेव्हापासून मी दिवसभर पेजेवरच राहते. बाळंतपणानंतरची साखरेची तपासणी राहिली आहे, पण पुन्हा त्या काट्यावर उभे राहण्याचा धीर होत नाही.

उत्तर: ताई, तुम्हाला ऐकवले गेले ते चुकीचे होते, हे आधी सांगते. गरोदरपणात वारेतून, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या अवयवातून, स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो, आणि ज्यांच्या शरीराला ती तूट भरून काढता येत नाही त्यांची साखर वाढते. सडपातळ स्त्रियांनाही हे होते. त्यामुळे ‘दोघांचे जेवता’ या टोमण्याने तुमच्या आजाराचे कारण तर सांगितले नाहीच, उलट तो तुमचा दोष ठरवला.

आता आकड्याविषयी. पूर्वीचे वजन उंचीच्या मानाने योग्य असेल, तर गरोदरपणात 11.5 ते 16 किलो वाढ योग्य मानावी, असे अमेरिकेतील 2009 चे निकष सांगतात, आणि तुमची वाढ 14 किलोची आहे. त्यात सुमारे तीन किलोचे बाळ, वार, गर्भजल, वाढलेले रक्त आणि मोठे झालेले गर्भाशय आले. शिवाय अंगावर पाजण्यासाठी शरीराने साठवलेली चरबीही आली. गर्भाशय मूळ आकारावर यायलाच सुमारे सहा आठवडे लागतात आणि ताणलेल्या पोटाच्या स्नायूंना तर अनेक महिने लागू शकतात. वाढ 20 किलोची असती, तरी रांगेत आकडा पुकारण्याचा अधिकार कोणालाही मिळाला नसता, हेही मला तितक्याच ठामपणे सांगायचे आहे.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या टाळलेल्या तपासणीची. वजनावरून हिणवल्यास माणसे दवाखान्याकडे पाठ फिरवतात आणि त्यांच्या प्रकृतीचे नुकसान होते, हे अनेक देशांतील तज्ज्ञांनी 2020 मध्ये एकत्रितपणे मांडले; तुमच्या पत्रात मला नेमके तेच दिसते. गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा धोका अधिक असतो, म्हणून बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन रक्त तपासतात. तुमची ती वेळ उलटली असली, तरी तपासणी आताही करता येते आणि ती करायलाच हवी. दवाखान्यात गेल्यावर नर्सबाईंना ‘वजन कागदावर लिहा, मोठ्याने सांगू नका’ असे सांगा, आणि संकोच वाटत असेल तर यजमानांनी ते सांगावे. तरीही वागणूक बदलली नाही, तर दुसरा दवाखाना निवडण्यात काहीही गैर नाही.

पेजेवर दिवस काढणे मात्र आजच थांबवा. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे 600 कॅलरी अधिक लागतात, असे भारतीय आहारतज्ज्ञांचे 2020 चे प्रमाण आहे. पेजेबरोबर कुळथाची पिठी, बांगडा किंवा अंडे आणि एखादी पालेभाजी घ्या. लाडू आणि खिरीतला गूळ किती घ्यावा, हे तपासणीचा निकाल आल्यावर ठरवू. तोवर सासूबाईंना ‘साखर पाहायची आहे’ एवढे सांगितलेत, तर त्यांच्या मायेचा अवमान होणार नाही. पाहुण्यांना उत्तर देण्याचे काम मात्र तुमच्या यजमानांचे आहे, कारण ती माणसे त्यांची आहेत.

बाळ झोपल्यावरही झोप लागत नसेल, किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले असेल, तर 14416 या टेलि-मानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर, विनाशुल्क बोलता येते.

तपासणीला रात्रीपासून उपाशी जावे लागते आणि तिथे दोन तास तरी जातात, म्हणून बाळाला पाजून निघा, सोबत कोणाला तरी घ्या आणि रक्त दिल्यावर खाण्यासाठी भाकरी-भाजीचा डबा पिशवीत ठेवा.