बोलताच येत नसेल, तर मागायचे कसे?

प्रश्न : मी २१ वर्षांची असून सांगली जिल्ह्यातील एका गावात राहते आणि बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. नववीपासून अनोळखी माणसासमोर माझा घसा कोरडा पडतो, हात थरथरतात, शब्द फुटत नाही. एस.टी.त कंडक्टरला थांब्याचे नाव सांगावे लागेल म्हणून मी चार किलोमीटर चालत जाते. गेल्या वर्षी तोंडी परीक्षेच्या दिवशी महाविद्यालयाच्या फाटकावरूनच परत आले आणि मला शून्य गुण मिळाले. मानसोपचारतज्ज्ञांनी तीव्र ‘सोशल अँक्झायटी’ (माणसांसमोर वावरण्याची पराकोटीची भीती) असे निदान केले असून सात महिने औषध चालू आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज कर, असे भाऊ म्हणतो. वडील म्हणतात, चार माणसांत मिसळलीस की बुजरेपणा जाईल. दाखला काढलास तर लग्न जमणार नाही. मला हक्क आहे का? असला, तरी खिडकीसमोर उभे राहून तो मागू कसा?

उत्तर : तुम्ही हे पत्र इतके तपशीलवार लिहिलेत, त्याचा पुढे फार उपयोग होणार आहे. आधी हक्काविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेले आहेत आणि मानसिक आजार हा त्यांपैकी एक आहे. सोशल अँक्झायटीचे नाव कायद्यात नाही. मात्र रोजच्या आयुष्यातील साधे व्यवहार पार पाडण्याची क्षमता ज्यामुळे फार मोठ्या प्रमाणात खुंटते, असा विचारांचा किंवा मनःस्थितीचा गंभीर विकार मानसिक आजाराच्या व्याख्येत बसतो. म्हणून निदानाच्या कागदाबरोबरच त्या आजाराने तुमचे काय काय अडवले आहे, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर यावे लागते.

मानसिक आजाराचे दिव्यांगत्व ‘आयडियाज’ या मापनश्रेणीने मोजतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम किंवा शिक्षण या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण असतात. आजार किती वर्षांचा आहे, याचे आणखी १ ते ४ गुण मिळतात. बेरीज ७ किंवा त्याहून अधिक झाली, तर दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक ठरते आणि त्यालाच लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. तुमच्यासारख्यांचे नुकसान होते ते याच टप्प्यावर. माणसांची भीती असलेली व्यक्ती तपासणीच्या खोलीत ‘ठीक आहे’, ‘जमते’ असे पटकन सांगून सुटका करून घेते, कारण आजारच तिला तसे करायला लावतो, आणि कागदावर तेच उतरते.

तेव्हा जे मला लिहिलेत तेच एका कागदावर लिहून न्या. ‘अनोळखी व्यक्तीसमोर मला बोलता येत नाही, कृपया हे वाचावे’ हे पहिले वाक्य असू द्या. त्याखाली फाटकावरून परतणे, ते चार किलोमीटर, ते शून्य गुण, सारे प्रसंग महिना-वर्षासह येऊ द्या. निदान अलीकडचे असले, तरी त्रास नववीपासूनचा आहे, हे दाखवणारे जुने काही, एखादे केसपेपर किंवा शाळेतील शिक्षकांचे पत्र मिळाले, तर जरूर जोडा. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (संकेतस्थळावर) घरी बसून भरता येतो. तपासणीला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मात्र स्वतः जावे लागते. त्या दिवशी भावाला बरोबर न्या आणि खिडकीवरचे बोलणे त्याच्यावर सोपवा. मदतीने मागितलेला हक्क कमी प्रतीचा नसतो. निर्णय मान्य नसल्यास ९० दिवसांत अपील करता येते.

४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागा आणि सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणापैकी मानसिक आजारासह काही प्रकारांसाठी असलेला १ टक्का, यांसाठी तुमचा विचार होऊ शकेल. पण तोंडी परीक्षेसाठी त्याची वाट पाहू नका. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले, की लेखनिकासारखी वाजवी सोय केवळ लक्षणीय दिव्यांगत्व नाही म्हणून नाकारता येणार नाही. त्याचा आधार घेऊन, डॉक्टरांचे पत्र जोडून, प्राचार्यांना आजच लेखी अर्ज द्या: एकच परीक्षक असावा, ओळखीच्या शिक्षिका खोलीत असाव्यात, किंवा उत्तरे लिहून देण्याची मुभा असावी.

वडिलांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. माणसांत मिसळणे हा या आजारावरील मानसोपचाराचाच भाग आहे, पण तो पायरीपायरीने आणि उपचारकाच्या साथीने होतो. एकदम गर्दीत ढकलल्याने भीती आणखी घट्ट होते. बुजरी मुलगी बुजऱ्या मनानेच का होईना, परीक्षेला बसते. तुम्ही बसू शकला नाहीत. लग्नाविषयीची त्यांची काळजी मी हलकी मानत नाही, पण प्रमाणपत्र कोणाला दाखवायचे ते तुम्ही ठरवायचे असते, आणि मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यांना आणखी काही विचारायचे असेल, तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सल्लासेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर ते दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलू शकतात. तो फोन तुम्हाला करावा लागणार नाही.