जोड-मोहऱ्याचे चित्र कसे असावे?

प्रश्न : ऑनलाइन खेळण्यासाठी मी बुद्धिबळाचा एक वेगळा प्रकार तयार करीत आहे. त्यात उंट आणि घोडा या दोघांच्याही चाली असलेला एक मोहरा आहे. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी जोडून पाहिली, पण पडद्यावर त्यांचा नुसता गोळा दिसतो. काय करावे?

उत्तर : हा मोहरा जुनाच आहे, जगज्जेता बुद्धिबळपटू कापाब्लांका याने १९२०च्या दशकात सुचवलेल्या ८० घरांच्या पटावर तो ‘आर्चबिशप’ या नावाने होता. ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर दहा घरे बसवली, तर प्रत्येक घराला जेमतेम ३६ पिक्सेल मिळतात आणि एवढ्या जागेत दोन संपूर्ण आकृत्या मावत नाहीत. म्हणून घोड्याची मान मुख्य ठेवावी आणि उंटाच्या टोकदार शिरोभागावरील तिरपी खाच तेवढी तिच्यावर आणावी. (आपण उंट म्हणतो खरे, पण चित्रात उंट कुठेच नसतो!) आतील नक्षीपेक्षा बाह्यरेषा महत्त्वाची असते, आकृती पूर्ण काळी भरून पाहा, तरीही ती साध्या घोड्याहून वेगळी दिसली पाहिजे. रंगावर भिस्त ठेवू नये, कारण रंगाने मोहरा कोणत्या बाजूचा आहे हे आधीच सांगितलेले असते.

बुद्धिबळाची कोडी रचणाऱ्यांनी ‘ग्रासहॉपर’साठी (वजिराच्या रेषांवरून, पण दुसऱ्या मोहऱ्यावरून उडी मारत चालणाऱ्या मोहऱ्यासाठी) उलटा वजीर छापला, तो छपाईच्या सोयीचा होता, मात्र उलट्या आकृतीतून उडीचा काहीच बोध होत नाही, त्यामुळे नवख्या खेळाडूंसाठी मी ती सुचवणार नाही.