वाफेच्या गाडीत बसायचंय, पण कुठल्या?

प्रश्न : माझे सासरे 74 वर्षांचे आहेत. लहानपणी ते बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने लातूरहून कुर्डुवाडी, तिथून पंढरपूर असे आषाढीला जायचे. येडशीचा घाट आला की इंजिन कसं धापा टाकायचं, हे ते नातवंडांना अजून सांगतात. पुन्हा एकदा आगीनगाडीत बसायची त्यांची इच्छा आहे. मुलं 9 आणि 13 वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत जावं म्हणतो. एका टूरवाल्याने ‘उटी ते कुन्नूर टॉय ट्रेन’ असलेली सहल सुचवली आहे. दार्जिलिंगही डोक्यात आहे. कुठली गाडी निवडू?
— एक वाचक भगिनी, औसा, जि. लातूर

उत्तर : ताई, त्या टूरवाल्याला पैसे दिले नसतील तर थांबा. उटी ते कुन्नूर हा तुकडा सुंदर आहे, पण तिथे गाडी डिझेलवर चालते. निलगिरीच्या रेल्वेला वाफेचं इंजिन लागतं ते खालच्या टप्प्यात, मेट्टुपाळयम ते कुन्नूर. गाडी तीच आणि तिकिटावर नाव तेच, त्यामुळे फसायला होतं.

हे मी सोसून सांगतोय. माझे वडील, अण्णा, पूर्णेच्या लोको शेडमध्ये फायरमन होते, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायचे. मनमाड-काचीगुडा लाइन मीटर गेज होती तेव्हाची गोष्ट. ड्यूटीवरून आले की त्यांच्या शर्टाला ठिणग्यांनी पडलेली बारीक बारीक भोकं असायची आणि आई ती मोजत बसायची. निवृत्तीनंतर मी त्यांना उटीला नेलं, एका एजंटाच्या भरवशावर, आणि आम्हाला नेमका उटी-कुन्नूर हाच तुकडा मिळाला. अण्णा काही बोलले नाहीत. कुन्नूरला उतरल्यावर मात्र पलीकडच्या रुळावर वाफेचं इंजिन पाणी घेत उभं दिसलं, तसे ते तिकडे चालत गेले आणि आमची परतीची वेळ होईपर्यंत तिथून हलले नाहीत. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो, या वेळी मेट्टुपाळयमपासून.

तेव्हा निलगिरीला गेलात तर खालून वर जा. सकाळी सातच्या सुमारास मेट्टुपाळयमहून गाडी सुटते. सुरुवातीला सपाटी, सुपारीच्या बागा. कल्लार स्टेशन गेलं की दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू होते आणि इंजिनाखालचं दातेरी चाक त्या पट्टीचे दात पकडत वर चढतं. चढ बारा फुटांना एक फूट, म्हणजे साध्या चाकांना पेलणारा नाही. इंजिनाला चार सिलिंडर. सपाटीवर त्यातली दोनच कामाला असतात. दातेरी टप्पा आला की त्यांच्यातून निघालेली वाफ वाया न घालवता उरलेल्या दोघांत सोडतात आणि ते दोघे दातेरी चाकं फिरवतात. ही रचना मला अण्णांनी सांगितली. कल्लार सुटल्यावर त्यांनी हात वर करून आम्हा सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, “ऐक, आता चढ लागला बघ त्याला.” इंजिनाचं खरं काम चढावरच ऐकू येतं, असं ते नेहमी म्हणायचे. तुमच्या सासऱ्यांच्या आठवणीतही घाटच राहिलाय, सपाटी नाही. म्हणूनच उतरताना नाही, चढताना बसा असं सांगतोय.

आणखी एक. वर जाताना इंजिन पुढे नसतं, मागून डबे ढकलतं. ज्यांना आवाज ऐकायचा आहे त्यांना मागचा, इंजिनाला लागून असलेला डबा मिळाला तर नशीब. पुढचा डबा मिळाला तर दरी आणि बोगदे समोरून येताना दिसतात, मुलं खूश होतील. या मार्गावर 16 बोगदे आणि 250 पूल आहेत. प्रत्येक डब्यावर ब्रेकवाला उभा असतो. पुढच्या डब्यावरचा माणूस हिरवी झेंडी दाखवतो, ती एकेका डब्यावरून मागे इंजिनापर्यंत पोचते. तुमच्या थोरल्याला हे नक्की दाखवा. मध्ये हिलग्रोव्हला गाडी पाणी घ्यायला थांबते. तिथे चहा नंतर घ्या, आधी सासऱ्यांना हाताला धरून इंजिनापाशी न्या. खाण्याची पिशवी डब्यात उघडी ठेवू नका, माकडं फार.

आता दिवाळीचं. तिकडचा मोठा पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत नसतो, ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. त्या दिवसांत कल्लार ते कुन्नूरदरम्यान दरडी कोसळून गाडी बंद पडते, आणि नेमका तोच वाफेचा टप्पा. मुलांच्या परीक्षा संपल्या की एप्रिलच्या शेवटी जा. आरक्षण मात्र उघडेल त्याच सकाळी करा. तिकीट मेट्टुपाळयमपासूनचं आहे ना, हे दोनदा वाचा. तुम्हाला लातूरहून सोलापूर गाठणं सोयीचं, कारण कुर्ल्याहून कोइमतूरला जाणारी गाडी सोलापूरवरून जाते. नांदेड-परभणीकडच्यांनी सिकंदराबादला जाऊन केरळकडे जाणारी शबरी एक्सप्रेस पकडावी, तीही कोइमतूरवरूनच जाते. कोइमतूर ते मेट्टुपाळयम लोकल गाडीने तासाभराच्या आतलं अंतर. आदल्या रात्री मेट्टुपाळयमलाच मुक्काम करा. पहाटे धावपळ करून सासऱ्यांना दमवू नका.

दार्जिलिंगचाही मोह मला समजतो. तुमच्या पत्रात ‘आगीनगाडी’ हा शब्द आहे, आणि सासऱ्यांना कोळशाचाच वास हवा असेल तर तो दार्जिलिंगला मिळेल. निलगिरीची बहुतेक इंजिनं आता तेलावर चालतात. दार्जिलिंगचा रूळ दोन फुटांचा, बार्शी लाइटच्या अडीच फुटांपेक्षाही अरुंद, तेव्हा डब्यात बसल्यावर त्यांना तो ओळखीचा वाटेल. चढावर चाक घसरू नये म्हणून इंजिनाच्या पुढे बसलेली माणसं रुळावर हाताने वाळू टाकतात. हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. दिवाळीच्या दिवसांत आकाश स्वच्छ असलं तर गाडी गोल वळसा घेते त्या बतासिया लूपवरून कांचनजंगा दिसतं.

पण तिथली वाफेची फेरी दार्जिलिंग ते घूम आणि परत, मधल्या थांब्यांसह दोनेक तासांची. खाली न्यू जलपाईगुडीपासून 88 किलोमीटर येणारी गाडी डिझेलची. आणि त्या फेऱ्यांतही काही डिझेलच्या असतात, तेव्हा तिकीट काढताना ‘स्टीम’ लिहिलेलं बघा. घूम 2,258 मीटरवर आहे, कुन्नूर साधारण 1,700 मीटरवर. सासऱ्यांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शिवाय औशाहून जाण्या-येण्यातच सुट्टीचे चार-पाच दिवस संपतील.

तुमच्या जागी मी असतो तर दिवाळी घरी केली असती आणि एप्रिलमध्ये मेट्टुपाळयम गाठलं असतं. तीनेक तास वाफेचं इंजिन चढाला लागलेलं ऐकायला मिळतं, तसं आपल्या देशात रोजच्या गाडीत दुसरीकडे नाही. पण एकदा सासऱ्यांनाच विचारा, त्यांना आठवतं ते काय? चढाचा आवाज, की डोळ्यात गेलेली कोळशाची कच? कच म्हणाले तर दार्जिलिंगला न्या, दिवस गेले तरी चालतील.

प्रश्न : माथेरानची गाडी जवळ पडते. तिला वाफेचं इंजिन आहे का? खर्च बेताचाच करायचा आहे, मुलगा सात वर्षांचा.
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : नाही. 1907 साली सुरू झालेल्या त्या गाडीची वाफेची इंजिनं 1980 च्या दशकातच थांबली, आता डिझेल आहे. वळणं आणि जंगल यांसाठी जरूर जा, पण पावसाळा सोडून. पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान चालू राहते. मुलाला इंजिनच दाखवायचं असेल तर तुम्हाला नागपूर जवळ. तिथे मोतीबागेत नॅरो गेज, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचं संग्रहालय आहे, जुनी वाफेची इंजिनं उभी आहेत. चाकांना जोडलेला लांब दांडा दाखवा आणि वाफ तो कसा पुढे-मागे ढकलते ते त्याच्याकडून हाताने करून घ्या. मला अण्णांनी सायकलच्या पंपावर शिकवलं होतं.