शॉक पूर्ण कडक केले, तरी पुढची चाकं का घसरतात?

प्रश्न: ताई, माझी फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिन पुढची चाकं फिरवतं ती) हॅचबॅक आहे, माझ्यासकट वजन साधारण 1000 किलो. ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ ट्रॅकवरच्या वेगाच्या शर्यतीसाठी, चारही शॉक (शॉक अॅब्सॉर्बर) अॅडजस्टेबल बसवले, प्रत्येकाला कडक-सैल करायचा एकच नॉब. सुटताना नाक वर उचललं जाऊ नये म्हणून सगळे म्हणाले, चारही पूर्ण कडक कर. तसं केलं. आधी पहिले 60 फूट 2.2 सेकंदांत जायचे, आता 2.3 लागतात, आणि पहिल्या गिअरमध्ये पुढून धडधड येते. शॉक खराब निघाले का?

उत्तर: शॉक खराब असतील असं मला वाटत नाही, इतक्यात बदलू नका. अशीच चूक आमच्या घरी झाली होती. भाऊ गाडी चालवायचा आणि प्रत्येक रनची नोंद मी वहीत ठेवायचे. एक अख्खा हंगाम आम्ही ‘जितकं कडक तितकं चांगलं’ असं धरून घालवला. चूक कुठे होती ते शेवटी त्या वहीनेच दाखवलं.

गाडी सुटते तेव्हा पुढच्या चाकांवरचा भार मागे जातो. किती जातो हे गाडीचं वजन, तिचा वेग किती झपाट्याने वाढतो, गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) किती, एवढ्यावरच ठरतं. तुमच्या गाडीचा गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि व्हीलबेस अडीच मीटर धरू. 0.5 जी ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाने, सुटलात तर 1000 गुणिले 0.5 गुणिले 0.5 भागिले 2.5, म्हणजे 100 किलो भार मागे गेला. उभ्या गाडीत पुढे 620 किलो असतील तर 520 उरले. या हिशेबात शॉक कुठेच नाही. नॉब कुठेही ठेवा, हे 100 किलो जाणारच.

शॉक ठरवतो ते भार कसा जाईल हे. पुढचा रीबाउंड, म्हणजे शॉक ताणला जातानाचा विरोध, फार सैल असेल तर नाक सरसर वर येतं, थांबायला हवं त्याच्या पुढे जातं आणि मग डोलतं. त्या डोलण्यात पुढचा भार क्षणभर 520 च्याही खाली जातो आणि नेमकं तेव्हाच चाक फिरकी घेतं. शिवाय नाक उचललं की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते) बदलतात, टायर सपाट टेकत नाही. म्हणून कडक करायचं, इथपर्यंत तुमच्या मित्रांचं बरोबर आहे.

पण शॉक बॉडीला खाली ओढतो तेव्हा तेवढ्याच जोराने चाकाला वर ओढतो, हे कुणी सांगत नाही. रीबाउंड अगदी बंद केलात की नाक जागेवर दिसतं, बघायला छान वाटतं, पण भार पुढच्या टायरवरून एका झटक्यात निघून जातो. त्यातच ट्रॅकवर बारीकसा उंचवटा आला तर दबलेलं चाक वेळेत खाली येत नाही. टायर स्वतःच्या रबरावर उड्या मारायला लागतो. तुमची धडधड बहुतेक तीच आहे. ती आली की अॅक्सिलरेटर लगेच सोडा, नाहीतर ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) तुटू शकतो. इंजिन माउंटिंग आणि कंट्रोल आर्मचे बुश सैल असले तरी हीच धडधड येते, तेव्हा नॉबला हात लावण्याआधी ते तपासा.

आता मागचे शॉक. एक नॉबवाल्या बऱ्याच शॉकमध्ये तो नॉब मुख्यतः रीबाउंडच बदलतो, काहींमध्ये रीबाउंड आणि कॉम्प्रेशन (शॉक दाबला जातानाचा विरोध) दोन्ही एकत्र. तुम्हाला मागे हवंय कॉम्प्रेशन, गाडी मागे पटकन बसू नये म्हणून. नॉब फक्त रीबाउंडचा असेल तर तो कडक करून तुम्ही उलटंच केलंय. मागचा भाग बसतो तेवढाच बसतो आणि वर मात्र उठत नाही. दुसऱ्या गिअरला क्लच दाबल्यावर नाक खाली यायला हवं, पण मागची बाजू खाली धरून ठेवलेली असते.

तुमचा नॉब कुठला आहे ते हाताने कळतं. मागचा एक शॉक उतरवा, उभा धरा. नॉब पूर्ण सैल करून दांडा तळहाताने झपकन आत दाबा, मग झपकन बाहेर ओढा. आता नॉब पूर्ण कडक करा आणि पुन्हा तेच करा. गॅसचा शॉक असेल तर दांडा आपोआप बाहेर येतो, त्याने फसू नका. फरक ओढताना जाणवतो की दाबताना, तेवढंच बघा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा दाबताना काहीच फरक नव्हता आणि ओढताना मध घट्ट व्हावा तसा दांडा जड झाला. सगळा हंगाम आम्ही मागे काय करत होतो ते त्या मिनिटात कळलं. तुमचाही तसाच निघाला तर मागचा नॉब सैलसर ठेवा आणि मागे बसणं कडक स्प्रिंगने आवरा.

सेटिंग मोजताना नेहमी पूर्ण बंद बाजूकडून मोजा. नॉब अलगद टोकापर्यंत कडक करा, जोर लावू नका. तो शून्य. तिथून सैल करत क्लिक मोजा. डावा-उजवा सारखा. पुढच्या शॉकची सुरुवात एकूण क्लिकच्या साधारण एक तृतीयांश सैल करून करा. मग एका वेळी एकच बदल, दोन क्लिकचा, आणि प्रत्येक बदलावर तीन रन. टायरची हवा, बर्नआउट (सुटण्याआधी चाकं जागेवर फिरवून टायर तापवणं) आणि लाँचचा, म्हणजे सुटतानाचा, इंजिनचा आरपीएम तोच ठेवा. हवा दोन पीएसआयने बदलली आणि क्लिकही बदलले, तर वेळ कशामुळे सुधारली ते कुणालाच सांगता येणार नाही.

402 मीटरच्या, म्हणजे पूर्ण शर्यतीच्या, वेळेकडे यासाठी बघू नका, त्यात गिअर टाकणं आणि इंजिनही येतं. शॉकसाठी 60 फुटांची वेळच बघा. सोबत फेंडरच्या कडेला आणि चाकाच्या मध्याला रंगीत टेपचा एकेक तुकडा चिकटवा आणि बाजूने मोबाइलवर स्लो मोशन घ्या. दोन टेपमधलं अंतर एकदा वाढून स्थिर राहिलं तर ठीक. वाढून पुन्हा कमी-जास्त होत राहिलं तर रीबाउंड सैल आहे. अंतर हललंच नाही आणि टायर थरथरताना दिसला तर तुम्ही आज जिथे आहात तिथेच आहात.

मागच्या शॉकच्या दांड्यावर प्लास्टिकची टायपट्टी घट्ट बांधून खाली सरकवून ठेवा. गाडी किती बसली तेवढी ती वर सरकलेली मिळेल.

हे सगळं ड्रॅग स्ट्रिपवरच करा. घरी निघताना नॉब रस्त्याच्या सेटिंगला आणा. वळणावर ड्रॅगची सेटिंग धोक्याची आहे.

प्रश्न: डबल अॅडजस्टेबल शॉक (रीबाउंड आणि कॉम्प्रेशनचे वेगळे नॉब असलेले) घेऊ का?

उत्तर: वरच्या चाचणीत मागचा नॉब फक्त रीबाउंडचा निघाला आणि 60 फुटांची वेळ एका जागी अडकली, तर मागची जोडी घ्या. पुढची आत्ता नको. आधी वहीत वीस-पंचवीस रन लिहा.