आईची साखर कमी होते तेव्हा

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची असून नाशिकला एकटी राहते, दिवसभर घरकामाला एक मावशी असतात. तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. दोन वेळा गोळी आणि रात्री इन्सुलिन, असे उपचार चालू आहेत. यंदा तिचे एचबीए१सी ६.२ आले, त्यामुळे आम्ही टोरांटोत निश्चिंत होतो. अलीकडे मात्र ती पहाटे घामाने भिजून जागी होते आणि एकदा दुपारी फोनवर असंबद्ध बोलत होती. विचारले, तर ‘वय झालं, अशक्तपणा आलाय,’ एवढेच म्हणते. उन्हाळ्यात ती आमच्याकडे येणार आहे. इतक्या दुरून आम्ही काय करावे?

उत्तर : आपण सांगितलेली दोन्ही लक्षणे रक्तातील साखर प्रमाणाबाहेर कमी होत असल्याची असू शकतात, त्यामुळे पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता आजच त्यांच्या डॉक्टरांशी बोला. गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. मात्र आज रात्रीचे इन्सुलिन किती घ्यायचे, हे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारून घ्या. असंबद्ध बोलणे पक्षाघातामुळे किंवा जंतुसंसर्गामुळेही होऊ शकते. पुन्हा तसे घडले, तर त्याच क्षणी ग्लुकोमीटरवर साखर पाहणे आणि ती ठीक असली तरी तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक आहे.

६.२ हा आकडा दिलासा देणारा वाटणे स्वाभाविक आहे, पण एचबीए१सी ही रक्तातील साखरेची सुमारे तीन महिन्यांची सरासरी असते आणि ती टक्क्यांत सांगतात. दुपारी अडीचशेवर गेलेली आणि पहाटे पन्नासवर आलेली साखर त्या सरासरीत सहज लपून जाते. इन्सुलिन घेणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या व्यक्तीचे एचबीए१सी इतके कमी असेल, तर उपचार गरजेपेक्षा कडक झाले आहेत का, ही शंका आधी घ्यावी. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत वयस्कर व्यक्तींसाठी एकच उद्दिष्ट सांगितलेले नाही. प्रकृती धडधाकट असेल तर ते सात ते साडेसातच्या आत आणि अनेक व्याधी असतील तर आठच्या आत ठेवलेले आहे. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली तर डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांची हानी होते, हे खरेच आहे. पण एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्तीची साखर एका पहाटे घसरली, तर न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडू शकते. दुरून काळजी घेणाऱ्या मुलांनी म्हणूनच या दुसऱ्या धोक्याचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे.

आता गोळ्यांकडे वळू. मावशींना आईंच्या सर्व औषधांच्या पट्ट्यांचे, मागच्या बाजूचे, फोटो पाठवायला सांगा. पुढे कंपनीने दिलेले नाव मोठ्या अक्षरांत असते, आत कोणते औषध आहे हे मागे बारीक अक्षरांत छापलेले असते. पट्टी कापून आणलेली असेल, तर नेमका तोच भाग केमिस्टकडे राहिलेला असतो. अशा वेळी संपूर्ण पट्टी मागवावी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड ही नावे दिसली, तर ती साखर घसरवू शकणारी औषधे आहेत, हे ध्यानात ठेवा. यांतील ग्लिबेनक्लामाइडचा अंमल फार वेळ राहतो आणि उतारवयात ते टाळावे असेच सांगितले जाते. फॅमिली डॉक्टरांनी एका नावाने आणि मधुमेहतज्ज्ञांनी दुसऱ्या नावाने एकच औषध दिले आहे आणि रुग्ण दोन्ही निष्ठेने घेतो आहे, असेही घडते. शिवाय, वयाबरोबर मूत्रपिंडाचे काम मंदावले की इन्सुलिनचा आणि यांतल्या काही गोळ्यांचा अंमल लांबतो, म्हणून क्रिएटिनिनची तपासणी अलीकडे झाली आहे का, हेही पाहा.

याच पट्टीवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव आहे का, हे मुद्दाम तपासा. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकाच गोळीत सर्रास दिले जाते. व्होग्लिबोज साध्या साखरेचे पचन लांबवते. त्यामुळे अशा व्यक्तीची साखर घसरल्यावर घाईघाईने साखरपाणी दिले, तरी त्याचा गुण लवकर येत नाही. तिथे केमिस्टकडे मिळणारी ग्लुकोजची पावडरच हवी. तिचा एक डबा आईंच्या उशाशी आणि एक स्वयंपाकघरात असावा. मीटरवर ७० पेक्षा कमी आकडा दिसला, तर १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे पावडर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा साखर पाहावी, कमीच असेल तर पुन्हा द्यावी आणि सावरल्यावर पोळी किंवा दूधभात खाऊ घालावा. शुद्ध नसेल, तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गोळ्यांमुळे घसरलेली साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून ‘आता बरी आहे’ म्हणून घरी थांबू नये. हे सर्व मावशींना एकदा प्रत्यक्ष करून दाखवावे लागेल. शेजारच्या विश्वासू कुटुंबालाही सांगून ठेवावे आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडे द्यावी.

आपल्या रोजच्या फोनवरही थोडा बदल करून पाहा. ‘साखर किती आली?’ या प्रश्नाला आई चांगला आकडा सांगतात किंवा विषय टाळतात, कारण मुलांना दूरदेशी घोर लागू नये असे त्यांना वाटते. त्याऐवजी ‘दुपारी काय जेवलीस, किती वाजता?’, ‘रात्री उठावं लागलं का?’ असे विचारा. एकट्या माणसाचे रात्रीचे जेवण अनेकदा कपभर दुधावर भागते आणि इन्सुलिन मात्र पूर्ण जेवणाच्या हिशेबाने टोचले जाते. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र या दिवसांचेही तसेच आहे : सकाळी गोळी घेऊन पोट रिकामे राहिले की साखर घसरते आणि संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीने एकदम चढते. ‘उपास सोड’ असे सांगून आई ऐकणार नाहीत आणि त्यांच्या श्रद्धेचा मान राखायलाच हवा. उपासांची यादी डॉक्टरांपुढे ठेवून त्या दिवसांचे डोस लिहून घ्यावेत.

उन्हाळ्यातील प्रवासाबाबत सर्वांत महत्त्वाची गोष्ट सिरिंजची. भारतात कुपीतले इन्सुलिन सहसा मिलिलिटरला ४० युनिट असते आणि त्याची सिरिंजही वेगळी असते; कॅनडात ते १०० युनिट असते. टोरांटोत घेतलेल्या कुपीतून नाशिकच्या सिरिंजने १६ च्या रेघेपर्यंत औषध भरले, तर अंगात १६ ऐवजी ४० युनिट जातील. उलट केले, तर साडेसहा युनिटही जाणार नाहीत. त्यामुळे पूर्ण मुक्कामाला पुरेल इतके इन्सुलिन आणि त्याच मापाच्या सिरिंज डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या सामानात आणाव्यात. चेक-इन केलेल्या सामानात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. त्यांचा मीटर आणि पट्ट्याही सोबत असू द्या. कॅनडाचा मीटर वेगळ्या एककात आकडा दाखवतो, त्याला १८ ने गुणले की आपला आकडा येतो, तिथला ३.९ म्हणजे इथले ७०. उन्हाळ्यात टोरांटोची वेळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते, म्हणून विमानातील आणि पोहोचल्यानंतरच्या पहिल्या रात्रीचे इन्सुलिन कोणत्या घड्याळाप्रमाणे आणि किती घ्यायचे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.