विटांच्या भिंतीवर कॅमेरा लावताय? आधी वायरचं बघा

कॅमेऱ्याच्या वायरीचे कनेक्टर टेप गुंडाळून बाहेर लोंबकळत ठेवू नका. पावसाळ्यात आत ओल शिरते आणि पिना हिरव्या पडतात. कॅमेऱ्यामागे जंक्शन बॉक्स लावा, सगळे जोड त्यात बसवा. भिंतीला भोक पाडताना बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवा, म्हणजे पाणी घरात यायचं नाही. आरजे-४५ चा प्लग (नेटवर्क केबलच्या टोकाला असतो तो) जवळजवळ १२ मिमी रुंद असतो, त्यासकट केबल ओढायची तर १५-१६ मिमीचं भोक लागतं. नुसती केबल ओढून नंतर क्रिंप केलीत, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवलात, तर ८ मिमीत भागतं. (क्रिंपिंग टूल विकत कशाला, ओळखीच्या केबलवाल्याकडून मागून आणा.) बॉक्सच्या वरच्या आणि बाजूच्या कडांना सिलिकॉन भरा. खालची कड मात्र मोकळीच सोडा, आत साचलेलं पाणी तिथूनच निघतं.