सोलापूरजवळ उजनीत चालवलेली जुनी शिडाची बोट रत्नागिरीहून गोव्याला न्यायची आहे, आधी काय तपासू?

रंगरंगोटी नंतर, आधी डोलकाठी उतरवा. तिला ताणून धरणाऱ्या तारांवरून, विशेषतः टोकांशी, कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तर तारेचे पेड तुटायला लागलेत, ती तार बदलाच. उजनीच्या गोड्या पाण्यात टिकलेली तार खाऱ्या हवेत टिकेलच असं नाही.

शिडाचं कापड धडधाकट दिसतं, पण आपल्याकडच्या उन्हात शिवण आधी विरते. टाका नखाने खरवडून बघा. तुटला तर सगळी शिवण नव्याने घालून घ्या. तळाचे, म्हणजे पाणी आत-बाहेर करणारे, व्हॉल्व्ह उघडझाप करून पाहा, प्रत्येकाशेजारी, तो तुटलाच तर भोक बुजवायला, लाकडी खुंटी बांधून ठेवा. लाइफ जॅकेट, व्हीएचएफ (बोटीवरून बोलायचा रेडिओ) हवेतच.

निघा डिसेंबर-जानेवारीत. पहाटे जमिनीवरून, दुपारनंतर वायव्येकडून वारा मिळतो, गोव्याकडे उतरायला सोयीचा. पावसाळ्यात अजिबात नको.